तळाची डाळ

सातव्या वेळी धोंडीराम गुरुजी खुर्चीतून अर्धे उठले, तिथेच थरथरले आणि मटकन खाली बसले. दोन्ही हात छातीवर घडी घालून ठेवलेले होते. ते सोडायचे नाहीत, असं आधीच ठरलं होतं.

"सहा," तेजलने हातातलं घड्याळ थांबवलं. "तीस सेकंदांत सहा वेळा."

"पास व्हायला किती लागतात?"

"तुमच्या वयाला बारा तरी हवेत."

"म्हणजे पन्नास टक्के," गुरुजी धापा टाकत म्हणाले. "आमच्याकडे पस्तीसला पास करायचे."

तेजल हसली, पण वहीत सहाच लिहिले. जेल रोडवर दोन खोल्यांचा तिचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. गुरुजींनी निवृत्त होताना जी शेवटची तुकडी शिकवली, त्या पोरींएवढीच ती असेल. पण बोलण्यात माघार नव्हती.

गुरुजी तिच्याकडे आले होते ते सप्टेंबरातल्या एका दुपारमुळे. चष्म्याचं घर कपाटाखाली गेलं म्हणून ते जमिनीवर बसले, चष्म्याचं घर हाताला लागलं, आणि मग उठताच येईना. गुडघा दुखत नव्हता, कंबर दुखत नव्हती. मांड्यांत जोरच नव्हता. अडीच तास ते तसेच बसून होते. त्यातला पहिला तास तर हाक मारायची लाज वाटली म्हणून गप्पच. शेवटी शेजारच्या मोहिनीताईंनी खिडकीतून आवाज ऐकला आणि काखेत हात घालून उठवलं.

तिसऱ्या दिवशी धम्मपाल हैदराबादहून आला.

"बाबा, आता हट्ट नको. चला माझ्याकडे. घर भाड्याने देऊ."

महिनाभर तिथे राहून आले होते ते. नववा मजला. नात सृष्टीसकट सगळे मायेने वागायचे. पण सकाळी साडेआठला घर रिकामं व्हायचं, आणि त्या स्वच्छ स्वयंपाकघरात, 'यशोदा इथे बसायची' असं ज्या जागेकडे बघून म्हणावं अशी जागा नव्हती. बायको यशोदाबाई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

"नाताळच्या सुट्टीत येशील ना?" गुरुजी मुलाला म्हणाले होते. "तेव्हा तुझ्यासमोर जमिनीवर बसतो आणि कशालाही न धरता उठतो. उठलो तर इथे राहीन. नाही उठलो, तर त्याच गाडीने तुझ्याबरोबर येतो."

धम्मपालने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि लहान पोराचा हट्ट मोडवत नाही तशी मान हलवली.

"आता खाणं सांगा," तेजलने वहीचं पान उलटलं. "सकाळी?"

"चहा. दोन टोस्ट."

"दुपारी?"

"पोळी-भाजी. वरण. रात्री तेच, पोळीच्या जागी भात."

"अंडी? मासे, चिकन?"

"यशोदा होती तेव्हा रविवारी असायचं. आता एकट्यासाठी कोण घाट घालतो?" मग ते जरा ताठ बसले. "पण डाळ रोज असते माझी. एक दिवस खंड नाही."

"घट्ट की पातळ?"

गुरुजी चष्मा पुसायला लागले. ते त्यांचं दुखणं होतं.

"हे बघा, तुमचं वजन छप्पन्न किलो. रोज साठेक ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं. आत्ता निम्मंही जात नाहीये. शरीराला बाहेरून मिळालं नाही की ते मांडीतलं काढून वापरतं. किडनीचे रिपोर्ट चांगले आहेत तुमचे, म्हणून बिनधास्त सांगते. रोज दोन अंडी, वाटीभर दही, दोन्ही वेळेला घट्ट डाळ. मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे. रविवार पुन्हा सुरू करा."

"प्रथिने," गुरुजी म्हणाले. "शरीर बांधणारे अन्न. छत्तीस वर्षं शिकवलंय मी."

"मग सोपंच आहे. पण नुसतं खाऊन भागणार नाही. स्नायूंना ओझं द्यावं लागेल."

"विटा येऊन पडल्या आणि गवंडी आलाच नाही, असं होईल."

"बरोबर!" तेजल थबकली. "हे मी दुसऱ्या पेशंटना सांगितलं तर चालेल?"

"चालेल. पण या वयात खरंच होतं का?"

"हळू होतं, गुरुजी. पण होतं."

घरी चालत येताना त्यांना शाळा आठवली. इगतपुरीच्या बाजूला घाटाच्या तोंडावर दोन खोल्यांची शाळा. पावसाळ्यात चार महिने भिंतींना पाझर फुटलेला. आहाराचा तक्ता ओला होऊ नये म्हणून ते तो रोज गुंडाळून घरी न्यायचे. डाळी, अंडी, दूध, मासे, शेंगदाणे. पोरं एका सुरात म्हणायची. दुपारच्या जेवणाला पहिलीची पोरं आधी बसायची आणि सातवीची शेवटी. एकदा गुरुजींच्या लक्षात आलं की लहानग्यांच्या ताटात पिवळं पाणी पडतं आणि मोठ्यांच्या ताटात डाळ. दुसऱ्या दिवसापासून ते पातेल्याशी जाऊन उभे राहायला लागले. 'मावशी, प्रत्येक पळीला तळ ढवळायचा. प्रत्येक.' मावशी वैतागायच्या. पण गुरुजी निवृत्त होईपर्यंत रोज त्या पातेल्याशी उभे राहिले.

गृहपाठ सुरू झाला. वजनं विकत आणायची नाहीत असं ठरवून त्यांनी तूरडाळीचे किलोकिलोचे दोन पुडे घेतले. एक उजव्या हातात, एक डाव्या. खुर्चीवर बसायचं, पुडे छातीशी धरून उठायचं. आठ वेळा, मग विश्रांती, मग पुन्हा आठ. घरातली डाळ संपली की उजव्या हातातला पुडा फोडावा लागे, आणि मग नवा येईपर्यंत उजव्या बाजूला सूट मिळे. तेजलला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, व्यायामाचं सामान खाणारे तुम्ही पहिलेच."

जमिनीवरून उठण्याचा सराव मात्र तिने भिंतीजवळ करायला सांगितला होता. आधी आधार घेऊन, मग हळूहळू सोडून. हॉलची फरशी गुळगुळीत होती म्हणून गुरुजी स्वयंपाकघरात गेले. ओट्याचा शेवट आणि धान्याची कोठी यांच्या मधल्या जागेत त्यांनी चटई टाकली. तिथे ते आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते. ते हॉलमध्ये बातम्या बघत जेवायचे. यशोदाबाई त्यांचं उरकल्यावर इथे बसायच्या.

बसल्यावर डाव्या हाताला भिंतीवर डाग दिसला. पिवळ्या रंगावर तळहाताएवढा, काळपट, तुकतुकीत. तो डाग गुरुजींच्या ओळखीचा होता. 'इथे तेल कसं उडतं गं?' असं त्यांनी मागे एकदोनदा विचारलं होतं, आणि यशोदाबाई काही न बोलता ओलं फडकं फिरवायच्या. आत्ता त्यांनी एक गुडघा टेकवला, आधारासाठी हात लांबवला आणि जोर लावला. उठले. हात कुठे टेकला होता, हे बघायचं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

सगळं जमत होतं. अंडी जमली, दही जमलं, शेंगदाणे तर वाचताना आपोआप संपत. अडलं होतं ते डाळीपाशी. गुरुजींची डाळ खाली बसायची. शिजवून, घोटून, फोडणी घालून पातेलं ओट्यावर ठेवलं की दहा मिनिटांत वर पाणी आणि खाली गाळ. ढवळून घेतलं की भागत होतं, पण ते काही उत्तर नव्हे. यशोदाची डाळ कधी बसत नव्हती. तीस-पस्तीस वर्षं त्यांच्या वाटीत चमचा उभा राहील अशी डाळ आली होती. तेव्हा चूक कुठेतरी आपल्या कृतीत आहे, हे नक्की. त्यांनी एक जुनी वही काढली आणि प्रयोग लिहायला सुरुवात केली. डाळ एक वाटी, पाणी तीन वाट्या: बसली. अडीच वाट्या: बसली. आधी भिजवून: बसली. हिंग आधी: बसली.

ऑक्टोबरच्या शेवटी निफाडहून कलाबाई आली. यशोदाबाईंची धाकटी बहीण. द्राक्षबागांची छाटणी चालू होती, बोटांना चिकाचे काळे डाग होते. पिशवीतून तिने गावरान अंडी आणि मटकी काढली.

"जयभीम, दाजी. अगं बया, तुमच्या तोंडावर तर तकाकी आली हो!"

"दोन अंडी रोज."

"लगीन जमवायचं का काय?"

"जमवायचं असतं तर तुला आधी विचारलं असतं."

"मेल्या तोंडाचं बोलणं बघा," कलाबाई खूश होऊन म्हणाली आणि न विचारता स्वयंपाकघरात शिरली.

गुरुजी वही घेऊन मागोमाग गेले. हे विचारायला तिच्याइतकं योग्य माणूस दुसरं नव्हतं.

"कला, एक सांग. तुमच्या आईने शिकवलं असेल. यशोदा काय करायची, डाळ खाली बसू नये म्हणून?"

कलाबाईने पातेल्यावरचं झाकण काढून आत पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं.

"डाळ खाली बसायचीच, दाजी. तिला काय औषध हाय?"

"हिची बसत नव्हती. माझी वाटी कायम घट्ट."

"तुमची वाटी घट्टच असनार ना! अक्का तळातून पळी घालायची. आधी तुम्हाला, मग धम्मपालला. अलगद, वरचं न हलवता." तिने पळी उचलून, न ढवळता, कडेकडेने तळाशी नेऊन दाखवली. पळी वर आली ती पिवळ्या घट्ट डाळीने भरलेली.

गुरुजी पळीकडे बघत राहिले.

"आणि वरचं?"

"वरचं तिचं. पानी. मीठ टाकून भाकरीवर घ्यायची. आमच्या आईचं बी तसंच, माझं बी तसंच. बायांचं वरचं." कलाबाईने पळी परत पातेल्यात सोडली. "शेवटी शेवटी कशी काडी झाली होती अक्का! बांगड्या कोपरापातुर चढायच्या. वय म्हनायचं, दुसरं काय. तुमची कोथिंबीर कुठं हे?"

गुरुजींनी कोथिंबीर काढून दिली. वही मिटून कोठीवर ठेवली.

जेवायला बसताना त्यांनी स्वतः वाढलं. पातेलं ढवळलं, तळापर्यंत ढवळलं, आणि कलाबाईच्या वाटीवर पळी नेली. तिने चटकन वाटीवर पंजा झाकला.

"मला नगं, दाजी. मला बाधते डाळ."

पळी हवेतच राहिली. दोन थेंब चटईवर पडले.

हे वाक्य गुरुजींना पाठ होतं. इतकं पाठ, की दोन वर्षांपूर्वी यशोदाबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनी 'आजी जेवतात काय?' असं विचारलं, तेव्हा यशोदाबाईंच्या आधी तेच बोलले होते. 'तिला डाळ बाधते, डॉक्टर.' यशोदाबाई छताकडे बघत होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

"हात काढ," गुरुजी म्हणाले.

"अहो, खरंच—"

"कला, हात काढ."

आवाज वर्गातला होता. कलाबाईने हात काढला. तिने ती डाळ संपवली, आणि नंतर भांडी घासताना म्हणाली, "बाधली नाय बगा." गुरुजी हॉलमध्ये होते. टीव्ही बंद होता.

ती चारच्या एस.टी.ने गेली. संध्याकाळी गुरुजींनी भाकरी थापायचा प्रयत्न केला, ती तुटली, तशीच भाजली. उरलेल्या डाळीचं पातेलं समोर घेतलं आणि पळी न हलवता वरचं तेवढं पाणी वाटीत काढलं. मीठ टाकलं. ओटा आणि कोठीच्या मध्ये बसून भाकरी त्यात कुस्करून खाल्ली. चव वाईट नव्हती. हिंग-जिऱ्याचा वास होता, फोडणीचा तवंगही वरच होता. पण साडेआठ वाजेपर्यंत पुन्हा भूक लागली.

त्यांनी उठायला हात लांबवला आणि या वेळी हाताकडे पाहिलं. तळवा भिंतीवर होता, डागावर. बोटं मात्र डागाच्या बाहेर आली होती.

गुरुजींनी तिथून हात उचलला. मग सावकाश, एक गुडघा टेकवून, दुसऱ्या मांडीवर दोन्ही हात रेटून ते उठायला लागले. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. भिंत हाताच्या अंतरावर होती. चौथ्या वेळी ते उभे राहिले, तेव्हा कपाळावरून घाम गळत होता.

नोव्हेंबरात तेजलच्या खुर्चीवर दहा झाले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तेरा. तिने वही त्यांच्यासमोर धरली.

"पास, गुरुजी. डिस्टिंक्शनच म्हणा." ते हसले नाहीत, तशी ती म्हणाली, "काय झालं? खूश नाही का?"

"एक विचारू? बाहत्तराव्या वर्षी माझं होतं, तर अडुसष्टाव्या वर्षी बाईमाणसाचं झालं असतं?"

"असतं की. कोण आहेत? घेऊन या ना."

गुरुजींनी पायात चपला सरकवल्या. "बघतो," म्हणाले.

पंचवीस तारखेला धम्मपाल आला. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग गुरुजींनीच हॉलमध्ये सतरंजी अंथरली आणि खुर्च्या मागे सरकवल्या, म्हणजे हाताला काही लागायला नको. परीक्षेच्या दिवशी वर्गातली बाकं लांब करायचे, तशा.

ते बसले. पूर्ण मांडी घालून. धम्मपाल दोन पावलं पुढे येऊन हात अर्धवट पुढे करून उभा राहिला.

"मागे हो," गुरुजी म्हणाले.

एक गुडघा टेकवला. दुसरं पाऊल पुढे रोवलं. हात मांडीवर. एक श्वास. ते उभे राहिले. पंखा जरा फिरल्यासारखा वाटला, मग जागेवर आला.

धम्मपालने हात खिशात घातले. मग म्हणाला, "छान." आणि खिडकीपाशी गेला. "सृष्टीने तिचं टेबल हॉलमध्ये हलवलं होतं. आजोबांची खोली म्हणून."

"सांग तिला, परत ने म्हणावं."

"एकटे किती दिवस राहणार, बाबा?"

पैज जिंकल्यावर काय करायचं, हे गुरुजींनी ठरवलंच नव्हतं. घर तेच होतं. दुपारी चारला येणारी शांतताही तीच.

"जेवून घेऊ," ते म्हणाले.

धम्मपाल त्यांच्यामागे स्वयंपाकघरात आला. ओट्याला टेकून त्याने चारही बाजूंना नजर फिरवली, जणू काहीतरी करून गेल्याशिवाय त्याला जाता येणार नव्हतं.

"निदान रंग तरी लावून देतो घराला. माझ्या मित्राचा कुंदन म्हणून रंगारी आहे, दोन दिवसांत उरकेल. बघा ना, किती कळकटलंय. तो कोपऱ्यातला डाग तर मी शाळेत असल्यापासून—"

"तेवढी भिंत राहू दे."

"का?"

"मला उठायला लागते."

धम्मपाल वळला. "आत्ता तर तुम्ही काही न धरता उठलात!" त्याच्या आवाजात काळजी परत आली. "म्हणजे अजून आधार लागतो? खरं सांगा, बाबा. लागत असेल तर मी काही तुम्हाला इथे—"

गुरुजींनी गॅस बारीक केला. कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"बसून बघ तिथे."

"कशाला?"

"बस तर."

वडिलांचा हा आवाज धम्मपालने बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. तो ओटा आणि कोठीच्या मधल्या जागेत कसाबसा मावून बसला, पँट सावरत. मग उठायला म्हणून त्याने डावा हात लांबवला. हात आपसूक भिंतीवर गेला. त्याने तिकडे पाहिलं. डागावर हात नीट ठेवला, थोडा वर सरकवला, थोडा खाली. त्याची बोटं सगळीकडून बाहेर येत होती. डाग लहान हाताचा होता, आईच्या हाताएवढा.

गुरुजी पाठमोरे होते. त्यांनी पळी पातेल्याच्या तळाशी नेली आणि ढवळायला सुरुवात केली, सावकाश, वरचं खाली आणि खालचं वर एक होईपर्यंत. दोन वाट्या भरल्या. दोन्ही सारख्या.

धम्मपाल बराच वेळ उठला नाही.